सफीरसाहेबांच्या बाटल्या

सफीरसाहेब गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. उदगीरहून त्यांच्या भाच्यानं लिहिलं होतं, चारच ओळी. कार्ड वाचलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि गिरणीत टाकलेलं दळण आणायला गेलो. रडू आलं नाही. गिरणीवाल्यानं विचारलं, "काय सोनकांबळे, तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हणालो, हाव, बरी आहे. तशी ती बरीच होती. दुष्काळाचं अख्खं वर्ष मी त्या माणसाबरोबर काढलं होतं, आणि त्या वर्षात आतून जे काही सुकलं ते नंतर कितीही पाऊस झाला तरी नीट ओलं झालं नाही. त्यामुळे कार्ड वाचून फार काही होईल अशी माझी अपेक्षाच नव्हती.

त्यांचं खरं नाव डॉ. वहिदोद्दीन. पण नांदेडपासून उदगीरपर्यंत ते नाव कुणी घेत नसे. 'सफीर' म्हणजे परमुलखात आपल्या देशातर्फे बोलणारा वकील. निजामाचं राज्य गेलं तरी त्याचे शब्द आमच्या तोंडात राहिले, त्यातलाच हा एक. आता हे सफीर होते का? नव्हते. ते भूगर्भशास्त्रज्ञ. परदेशातल्या आपल्या वकिलातीत काही वर्षं विज्ञान सल्लागार होते आणि दोन देशांमध्ये नदीच्या पाण्यावरून बोलणी चालायची त्यात आपल्या बाजूनं बसायचे. पण आमच्याकडे कंपाउंडरलाही डॉक्टर म्हणतात, तिथं वकिलातीतल्या माणसाला सफीर म्हटलं तर बिघडलं कुठं?

आई एकटी पडली म्हणून ते नोकरी सोडून उदगीरला परत आले, आणि पाठोपाठ दुष्काळ आला. आमच्या पाण्याच्या खात्यानं त्यांना सल्लागार म्हणून घेतलं आणि नांदेडच्या पथकाला जोडून दिलं. त्या पथकात मी तांत्रिक सहायक होतो. तांत्रिक म्हणजे काय, तर लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, वायरी लांबवर ओढायच्या, जमिनीत वीज सोडली की यंत्राचा काटा काय दाखवतो ते वहीत लिहायचं. त्या आकड्यांचा आलेख काढला की खाली कोरडा पाषाण आहे की पाणी धरणारा भेगाळ खडक, याचा अंदाज येतो. आलेख साहेब काढायचे.

अंगानं किरकोळ. डोक्यावर परदेशातली रुंद काठाची टोपी आणि पायात उदगीरच्या मोच्यानं शिवलेल्या वहाणा. माणूस वरून विलायती आणि खालून देशी, असं आमचा ड्रायव्हर यादव म्हणायचा. कोणत्याही गावात उतरले की समोरच्याला त्याचा नमस्कार आधी करायचे. वस्तीत जय भीम, माळकऱ्याला राम राम, लिंगायताला शरणार्थी, नांदेडात सरदारजीला सत श्री अकाल. सलाम मात्र स्वतःहून कुणाला घालत नसत. "तो त्यांनी मला घालावा, मियाँ. माझं म्हणून काहीतरी ठेवायला हवं ना," असं म्हणून हसायचे. रानात नमाजाची वेळ झाली तर आधी रानाच्या मालकाला विचारायचे. एक म्हातारा तर म्हणाला, "पडा की सायेब नमाज, नाहीतरी दुसरं काय उगवून राहिलंय हितं?"

त्यांच्याजवळ एक लाकडी पेटी असायची. तिच्यात काचेच्या आठ बाटल्या. यादवला पहिले चार दिवस वाटत होतं की साहेब शौकीन आहेत. पाचव्या दिवशी त्यानं हळूच एक बूच उघडून वास घेतला आणि इतका खट्टू झाला की दिवसभर गिअर नीट टाकला नाही. बाटल्यांत गावोगावचं पाणी असायचं. प्रत्येकीवर फक्त आकडा. कुणाची विहीर, कुठला आड, ते कधीच लिहायचे नाहीत. ते वेगळ्या वहीत, आणि ती वही तपासणी होईपर्यंत बंद. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नाव वाचलं की तपासणाऱ्याचा हात हलतो. माझापण हलतो."

याच यादवची एक गोष्ट सांगतो. मी बौद्ध, भोकरकडचा. यादव माझ्या हातचं पाणी पीत नसे. तोंडावर कधी म्हणाला नाही. मी तांब्या पुढं केला की म्हणायचा, "आज उपास हाय." आठवड्याला सात उपास करणारा माणूस मी तेवढाच पाहिला. साहेबांनी काही प्रवचन दिलं नाही. त्यांनी नांदेडच्या बाजारातून एक माठ आणला, जीपमध्ये ठेवला आणि पाणी भरायच्या पाळ्या लावल्या. एक दिवस ते, एक दिवस मी, एक दिवस यादव. माझ्या पाळीच्या दिवशी यादव कोरडाच राहायचा. पुढं किनवटच्या जंगलात ऐन वैशाखात आम्ही सळया ठोकत होतो, आणि पाळी माझी होती. दुपारी यादव जीपमागे गेला. माठावरची झाकणी वाजली. मी मान वळवणार तेवढ्यात साहेबांनी माझा दंड धरला आणि मला समोरच्या सागाकडे बघायला लावलं. "तहानलेला माणूस पाणी पीत असला की बघू नये," ते म्हणाले. त्या दिवसानंतर यादवचे उपास सुटले. आम्ही तिघंही त्यावर कधी अक्षर बोललो नाही.

असं वागणं कुठून आलं असेल? एकदाच बोलले. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकार आले तेव्हा त्यांच्या वडिलांनी शेजारच्या लिंगायत शेतकऱ्याला आपल्या कणगीत लपवलं होतं. ॲक्शननंतर वारं फिरलं तेव्हा त्याच शेजाऱ्यानं वडिलांना आपल्या कणगीत लपवलं. मी म्हणालो, वा! साहेब म्हणाले, "वा काय? पुढं दोघांचं बांधावरून भांडण झालं आणि मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. जीव वाचवणं सोपं असतं, मियाँ. रोज नांदणं अवघड."

नांदवण्याची त्यांची एक रीत होती. वकिलातीत शिकले की स्वतः काढली, माहीत नाही. भांडणारे दोघं समोर आले की म्हणायचे, "आधी त्याचं सांगा, मग तुमचं." म्हणजे आपली तक्रार मांडायच्या आधी समोरच्याची तक्रार त्याच्यासमोर मांडायची, आणि तो "हाव, हेच म्हणणं हाय माझं" असं म्हणेपर्यंत आपल्याला बोलायला मिळायचं नाही.

भोकरकडच्या एका गावात मशिदीच्या आवारातल्या आडालाच काय ते पाणी उरलं होतं. संध्याकाळी नेमक्या नमाजाच्या वेळी बायकांची झुंबड, घागरींचा खणखणाट, नंबरावरून भांडणं. प्रकरण हातघाईवर आलेलं. साहेबांनी मशिदीतल्या एका दाढीवाल्या बुजुर्गाला उभं केलं आणि बायकांची बाजू मांडायला लावली. तो आधी चिडला, मग अडखळला, मग म्हणाला, "ह्या बाया सकाळी अंधारात दुष्काळी कामावर जातात, खडी फोडतात. दिवस बुडताना परत येतात. तवाच चूल, तवाच लेकरं, तवाच पाणी. दुसरा टाइमच न्हाई साहेब त्यांना." बायकांच्या बाजूचा एक गडी ओरडला, "आरं, हे तर आमच्यापरीस बेस सांगून राहिलेत!" सगळे हसले. नमाजाची दहा मिनिटं दोर वर ओढायचा नाही, बायकांनी तेवढं टेकायचं, आणि नमाज झाला की पहिले पोहरे मशिदीतल्यांनी ओढून द्यायचे, असं ठरलं. परतताना साहेब जीपमध्ये गुणगुणत होते. मला तेव्हा वाटलं, या माणसाला काहीच अवघड नाही. त्यांनाही तसंच वाटलं असावं, आणि तिथंच घात झाला.

शिरूर अनंतपाळच्या पुढं एक गाव. नाव सांगत नाही, गावाचा दोष नव्हता. मधून ओढा. अलीकडे गाव, मारुतीचा पार, माधवराव पाटलांची मोठी विहीर. पलीकडे बौद्ध वस्ती, तिथं एक आड आणि निळा झेंडा. दोहोंच्या मधे, ओढ्याच्या काठाला शाळा. त्या उन्हाळ्यात प्रत्येक गावाला सरकारकडून एकच बोअर मिळणार होता. यंत्राची गाडी येणार, सांगितलेल्या जागी भोक पाडणार, पाणी लागलं तर हापसा बसवून पुढच्या गावाला जाणार. नाही लागलं तरी पुढच्या गावाला जाणारच.

आम्ही पोहोचलो तेव्हा दोन्ही बाजूंनी दंड थोपटलेले. साहेबांनी बाटल्या काढल्या. गावातल्या चार ठिकाणचं पाणी चार बाटल्यांत भरलं, शाळेच्या ओट्यावर चार सारखे स्टीलचे पेले मांडले आणि म्हणाले, "ओळखा, कोणतं कुणाचं?" माधवरावांनी साहेबांच्या भिडेखातर चारही पेल्यांतलं चाखलं आणि चारही चुकले. आणखी दोघं चुकले. लोक हसायला लागले. साहेबांना हेच हवं होतं. पाणी सगळीकडे पाणीच, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "मी सांगू का?"

ती गयाबाई. वस्तीतली, साठीच्या घरातली, रोजगारानं रापलेली. तिला पेल्याला हात न लावू देता कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतलं. चार घोट घेऊन ती म्हणाली, "हे माधवरावाच्या हिरीचं. हे आमच्या आडाचं, मचूळ हाय. हे ओढ्यातल्या झिऱ्याचं, गाळ लागतंय दाताला. आन हे मारुतीच्या आडाचं."

चारही बरोबर. साहेबांनी विचारलं, कसं ओळखलंत?

"तीस वरसं माधवरावाच्या रानात राबले की. असंच वरून वतायचे. मारुतीच्या आडाचं एकदाच पिले, एका लग्नात, चोरून." मग जरा थांबून म्हणाली, "ज्याला मागून प्यावं लागतंय त्याला चव कळती, बाबा. ह्यांनी कुठं दुसऱ्याचं पिलंय?"

साहेबांनी टोपी काढली. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी चुकलो. पाणी सारखं नाही. तुम्हाला खारं मिळतं, आणि मी सगळं सारखं आहे असं सांगायला आलो होतो." एवढा शिकलेला माणूस मजूर बाईसमोर टोपी काढून चूक कबूल करतो, हे आमच्या मुलखात कुणी पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्या वर्षात मला काही वाटल्याची ही शेवटचीच आठवण.

मग आम्ही तीन जागा मोजल्या. पाराजवळची कोरडी निघाली. शाळेजवळची संशयाची. ओढ्यापलीकडे, झेंड्याच्या मागच्या पडीक जमिनीत आलेख असा सुरेख खाली वळला की माझ्यासारख्यालाही कळलं, पाणी इथं आहे.

मोजणीचं कुणाला न सांगता साहेबांनी आधी दोन्ही बाजूंना शाळेत बसवलं. वस्तीकडून किसन नावाचा तरणा गडी, गावाकडून माधवराव. आधी त्याचं सांगा, मग तुमचं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ते चाललं. माधवराव म्हणाले, "ह्यांचं म्हणणं असं, का बोअर पारापाशी पडला तर आज घेऊ देताल, उद्या जत्रा आली का हाकलून देताल." किसन म्हणाला, "हाव. हेच." मग किसन म्हणाला, "पाटलांचं म्हणणं, बोअर आमच्यात पडला तर गावातल्या बाया वडा वलांडून येणार न्हाईत, त्यांच्या सासवा येऊ देणार न्हाईत, आन त्या तहानेनं मरतील पर येणार न्हाईत." माधवरावांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी दोघंही एकदम म्हणाले, शाळेपाशी घ्या. मधोमध. कुणाचंच नको.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "सोनकांबळे, शाळेच्या जागेचं काय?"

वही माझ्या हातात होती. मी म्हणालो, "लागू शकतं, साहेब."

यंत्राची गाडी आली. दिवसभर धडधडली. आधी काळी धूळ उडाली, मग तांबडी, मग परत काळी. पाणी नाही. गाववाले, वस्तीवाले, आम्ही, सगळे धुळीनं एका रंगाचे होऊन उभे होतो. यंत्रवाल्यानं पाइप वर काढले, नोंदवहीत गावाच्या नावापुढं दोन शब्द लिहिले, "पाणी नाही", आणि गाडी पुढच्या गावाला गेली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभरात वस्ती उठली. लोक खडी फोडायला जिकडं काम मिळेल तिकडं गेले. घरांना कुलपं नव्हती, दारांना बाभळीच्या फांद्या लावून गेले. गयाबाईसुद्धा गेली.

नांदेडला परतल्यावर साहेब दोन दिवस तेच आलेख पुन्हा काढत बसले. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यात मला बोलावलं.

"तुला माहीत होतं."

"हाव, साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"पलीकडची जागा आमच्या लोकांत होती. मी बोललो असतो तर म्हणाले असते, आपल्याकडं वढून राहिला."

ते म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की तुझ्या तोंडून खरंसुद्धा खोटं ठरलं असतं. बरोबर?"

"हाव. हेच."

"आता माझं सांग."

मी सांगितलं. "तुमाला पण माहीत होतं. पण दोन्हीकडचे पहिल्यांदाच एका गोष्टीला हो म्हणाले होते. ते तुमच्यानं मोडवलं न्हाई."

"हाव," ते म्हणाले. "हेच." मग समोरच्या कडुनिंबाकडे बघत पुढं म्हणाले, "नदी मधोमध वाटता येते, मियाँ. मी आयुष्यभर तेच केलं. पण भुईखालचं पाणी मधोमध नसतं. ते जिथं असतं तिथंच असतं."

खरी गोची पुढंच होती. नोंदीत "पाणी नाही" लागलं की गाव कोरडं ठरतं, आणि कोरड्या गावाला पुन्हा कुणी बोअर देत नाही. गावाचीही तशीच समजूत झाली की आपल्या भुईतच पाणी नाही. ते दोन शब्द खोडून "जागा चुकली" असं लिहून घ्यायचं, तर कुणाची तरी चूक कागदावर यायला हवी होती. साहेबांनी स्वतःविरुद्ध अहवाल लिहिला. वरच्यांनी समजावलं, बोअर कोरडे जातातच, कशाला उगाच? ते ऐकेनात. अहवाल कुठल्यातरी कपाटात गेला आणि मुदत संपल्यावर साहेबांची नेमणूक पुढं वाढली नाही. जाताना त्यांनी माठ यादवला दिला आणि बाटल्या स्वतः नेल्या.

पुढं पाऊस झाला. पाऊस झाला की माणसं बोअर विसरतात. वस्तीतली निम्मीअर्धी माणसं परत आली, गयाबाईही आली, आणि त्याच मचूळ आडाचं पाणी पिऊ लागली. साहेब विसरले नाहीत. दर महिन्याला उदगीरहून दोन पत्रं जायची, एक माधवरावांना, एक किसनला. माधवरावांच्या पत्रात विचारायचे, किसनची मुलगी पास झाली का? किसनच्या पत्रात विचारायचे, माधवरावांच्या गुडघ्याचं कसं आहे? उत्तर लिहायचं तर एकमेकांच्या दारात जाऊन विचारणं भाग. दोघांच्याही लक्षात ही चलाखी आली होती. तरी ते जात राहिले.

आणि मी? मी नोकरी केली. काट्याकडे बघून आकडे लिहिले. त्या गावाचा रस्ता आला की दुसरीकडे बघायचो.

दुष्काळाला दहा वर्षं होत आली तेव्हा लातूर नवा जिल्हा झाला. नवीन ऑफिसं, भाड्याच्या खोल्या, माणसांपेक्षा खुर्च्या कमी. माझी बदली लातूरला झाली आणि जुन्या जिल्ह्याकडून आलेले कागदांचे गठ्ठे सोडायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या की चौथ्या गठ्ठ्यात ती फाइल निघाली. साहेबांचं सरळ, बारीक अक्षर. "शाळेजवळील जागा मी शास्त्राने नव्हे, समेटासाठी निवडली. चूक माझी आहे. गाव कोरडे नाही." आणि खाली एक ओळ, जी मला माहीत नव्हती. "नोंदी घेणाऱ्या सहायकाने नोंदी अचूक घेतल्या होत्या. त्याचा दोष नाही."

मी तो कागद तीनदा वाचला. काही वाटलं नाही. दुपारी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो परत डब्यात ठेवला. तसाच उठलो, एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं की जागा चुकते आहे हे त्या दिवशी मलाही माहीत होतं, मी बोललो नाही, आणि पाणी ओढ्यापलीकडे आहे. सही केली. नोकरीवर आलं असतं तर आलं असतं. कागद फाइलला लावून ऑफिसातल्या साहेबाच्या टेबलावर ठेवला. नव्या जिल्ह्याला काहीतरी करून दाखवायचं होतं, की नव्या साहेबानं खरंच वाचलं, कोण जाणे. मंजुरी आली.

मी सफीरसाहेबांना कळवलं. ते उदगीरहून एसटीनं आले. टोपी तीच, काठ झिजलेले. शाळेत पुन्हा बैठक बसली. साहेबांनी तोंड उघडायच्या आत माधवराव काठी टेकत उभे राहिले. "आधी त्यांचं सांगतो," ते म्हणाले. "त्यांचं म्हणणं असं, का आमच्या मनातल्या मधोमधपायी त्यांची दहा वरसं गेली." साहेबांनी किसनला विचारलं, हेच का? किसन म्हणाला, "हाव. आन ह्या गाववाल्यांचीपण गेली." बैठक तेवढ्यात संपली.

झेंड्यामागच्या जमिनीत बोअर घेतला. यंत्र दुपारपर्यंत धडधडलं, धुळीचा चिखल झाला आणि मग पाणी उसळलं. लोक ओरडले, नाचले. मी वहीत खोली लिहिली.

हापसा बसल्यावर पंधरा दिवसांनी मी आणि साहेब पुन्हा गेलो. गावातल्या बायका ओढा ओलांडून आल्या होत्या, हे खरं. पण हापशाला दोन रांगा होत्या. एक गावाची, एक वस्तीची. मधे दोन हातांचं अंतर. यातली एक घागर झाली की त्यातली एक. मी साहेबांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

साहेबांनी पेटी उघडली आणि दोन बाटल्या काढल्या. आधी गावाच्या रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा एक बाटली भरली. मग वस्तीच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. उन्हात, साठी ओलांडलेला माणूस, पुन्हा अर्धा तास. दुसरी बाटली भरली. एकीवर एक, एकीवर दोन असा आकडा लिहिला आणि गयाबाईच्या दाराशी गेले. तिच्या डोळ्यांत फूल पडलं होतं, दिसत नव्हतं. साहेबांनी दोन पेल्यांत पाणी ओतलं आणि पेले तिच्या हातात दिले.

"गयाबाई, ओळखा. यातलं गावाचं कोणतं आणि वस्तीचं कोणतं?"

तिनं पहिल्यातलं प्यायलं. दुसऱ्यातलं प्यायलं. परत पहिल्यातलं. मग दोन्ही पेले एकदम खाली ठेवले.

"बाबा, दोन्ही एकच हाय की," ती वैतागून म्हणाली. "आंधळी झाले म्हून येडी समजून राहिलास काय मला?"

साहेबांनी खिशातली वही काढली, पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले, मला दाखवले. "फरक नाही." मी गयाबाईच्या ओट्यावर बसलो आणि रडलो. पोस्टकार्ड आलं तेव्हा रडू का आलं नाही, त्याचं कारण कदाचित हेच असेल, ते आधीच झालं होतं.

किनवटला यादवकडे बघितलं नव्हतं, तसं या वेळी माझ्याकडे कुणी बघितलं नाही. साहेबांनी गयाबाईला तिच्या घरचं काहीबाही विचारायला सुरुवात केली आणि माझ्याकडे पाठ केली. संध्याकाळच्या उदगीर गाडीत मी त्यांना बसवून दिलं. खिडकीत ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते. टोपीत त्या दोन्ही बाटल्या होत्या. गाडी सुटताना त्यांनी एकीचं बूच काढलं, एक घोट घेतला, मग दुसरीचं काढलं. मी फाट्यावर उभा राहिलो आणि समोरच्या बाभळीकडे बघत राहिलो.